तार, बोट आणि तेलाची डबी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली आढळली : तंतुवाद्य वाजवून बोटांची टोके हुळहुळतात, सोलवटतात, भेगाळतात, त्यावर घरच्या घरी काय करावे? मी गेली तीस वर्षे सतार शिकवते. नवशिक्यांची लालबुंद बोटे आणि मुरलेल्या वादकांची चर पडलेली बोटे अशी दोन्ही मी रोज पाहते. मी वैद्य नाही, म्हणून औषधोपचाराचा भाग माझ्याकडे शिकणाऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : मी सांगलीत राहते, वय ४४. तीन महिन्यांपूर्वी सतार शिकायला सुरुवात केली. डाव्या हाताच्या तर्जनीचे आणि मधल्या बोटाचे टोक इतके हुळहुळते की कणीक मळतानाही त्रास होतो आणि मिरची चिरली तर दिवसभर आग होते. सासूबाई हळद-तूप लावायला सांगतात, शेजारच्या काकू तुरटी चोळायला सांगतात, तर क्लासमधील मुले म्हणतात की काहीच लावू नका, घट्टे पडले की सगळे थांबेल. नेमके कोणाचे ऐकावे?

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गोंधळ होतो तो वेळेचा. बोटाला काय लावावे यापेक्षा ते केव्हा लावावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण एकच तेल रात्री झोपताना लावले तर बोट सांभाळते आणि रियाजाच्या आधी अर्धा तास चोळले तर तेच बोट सोलवटते.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होईल. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वादनाची, तार पोलादी असते आणि तिची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे शिवणाच्या जाडसर दोऱ्याइतकीच असते. आपण ती केवळ दाबत नाही, तर मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकताना, दाबलेल्या अवस्थेत पडद्यावरून (दांडीवरील धातूच्या पट्टीवरून) बाजूला ओढतो, आणि एकाच पडद्यावर चार-पाच स्वरांपर्यंत ओढतो. त्यामुळे दाब आणि घर्षण हे दोन्ही एकाच रेषेवर येतात. अशा माऱ्यापुढे त्वचा आपला सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर हळूहळू जाड करते. यालाच आपण घट्टा म्हणतो. त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वरच्या थरापर्यंत पोचायला साधारण महिनाभर, तळहातावर त्याहूनही अधिक वेळ लागतो, म्हणून घट्टा घाईने येत नाही. त्यातच तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. चेहऱ्याची त्वचा स्वतःचे तेल स्वतः निर्माण करते, बोटाच्या टोकाला ते बाहेरूनच द्यावे लागते. म्हणूनच सासूबाईंचे तूप योग्य आहे.

आता उलट बाजू पाहू. पाण्याने किंवा तेलाने भिजलेली त्वचा फुगते आणि मऊ पडते, आणि मऊ पडलेल्या त्वचेवरून पोलादी तार ओढली की वरचा थर सालीसारखा निघतो. माझ्या शिकण्याच्या काळातील एक सकाळ मला आजही आठवते. दिवाळीची साफसफाई चालू होती, माळ्यावरची सगळी पितळी भांडी काढून मी चिंच लावून घासली होती आणि हात पुसून तशीच गुरुजींकडे गेले. यमनातील गंधारावरून पंचमाची मींड घेतली आणि तर्जनीची कातडी ओल्या कागदासारखी उलगडली. गुरुजींनी काही न बोलता माझ्या हातातील सतार घेतली, तार फडक्याने पुसली, गवसणी घातली आणि पुढचे चार दिवस मला केवळ उजव्या हाताचे बोल वाजवायला लावले. भांडी, धुणे, आंघोळ यांनंतर निदान पाऊण तास तारेला डावा हात लावू नये हा नियम मी त्या दिवसापासून पाळते आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही पाळायला लावते. आपल्या घरच्या कामाची घडी लक्षात घेता सकाळी भांडी-धुण्याच्या आधी रियाज उरकता आला तर उत्तम. ते जमत नसेल तर भांडी घासताना रबरी हातमोजे वापरावेत.

रियाज संपला की आधी थंडावा द्यावा. त्यासाठी बर्फाची गरज नाही. बर्फ थेट लावल्याने नाजूक झालेली त्वचा आणखी दुखावते. माठातील पाणी वाटीत घेऊन त्यात बोटांची टोके पाच-सात मिनिटे बुडवावीत आणि मग न चोळता टिपून कोरडी करावीत. आग जास्त होत असेल तर कोरफडीचा गर लावावा, मात्र एक काळजी घेऊन. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळट, कडू चीक येतो तो त्वचेला झोंबतो आणि काहींना त्याने पुरळही उठते. म्हणून कापलेले पान दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून चीक निथळू द्यावा, ते धुवावे आणि मगच आतला काचेसारखा स्वच्छ गर घ्यावा. वीस मिनिटांनी तो धुऊन टाकावा.

रात्री झोपताना तूप किंवा खोबरेल तेल लावावे. ते अगदी थोडे, म्हणजे करंगळीच्या नखावर मावेल इतकेच घ्यावे आणि तारेने पडलेल्या रेषेच्या आडव्या दिशेने जिरवावे. आयुर्वेदातील शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप, मिळाले तर ते अधिक चांगले. धुता धुता तुपाचा चिकटपणा आणि वास जातो आणि ते लोण्यासारखे पांढरे, हलके होते. त्यात राहिलेल्या पाण्यामुळे लावताक्षणी गार वाटते. हळदीविषयी मात्र मी थोडी सावध आहे. न फाटलेल्या त्वचेवर तुपात खललेली चिमूटभर हळद लावायला हरकत नाही, पण डब्यातील हळदपूड निर्जंतुक नसते, उघड्या जखमेत तिचे कण अडकून बसतात आणि काहींना हळदीचीही ॲलर्जी असते. शिवाय दुसऱ्या दिवशी तार आणि पडदे पिवळे होतात ते वेगळेच.

काकूंची तुरटी ही दुसऱ्या टप्प्याची गोष्ट आहे. तुरटी त्वचा आकसते आणि कोरडी करते. घाम येणाऱ्या, सतत ओलसर राहणाऱ्या बोटांना आठवड्यातून दोनदा, ओला केलेला तुरटीचा खडा दहा-पंधरा सेकंद फिरवला तर घट्टा धरायला मदत होते, असा माझा आणि माझ्या अनेक विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. पण त्वचा फाटलेली असताना तुरटी लावणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखे होईल, आणि रोज लावली तर बोट इतके कोरडे होते की घट्ट्यालाच भेग पडते. आपली बोटे सध्या हुळहुळत आहेत, म्हणून तुरटी किमान दोन आठवडे बाजूला ठेवावी.

मिरचीची आग केवळ पाण्याने जात नाही, कारण तिचा दाहक अंश पाण्यात विरघळत नाही. हाताला आधी तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे. पण घट्टे धरेपर्यंत मिरची घरातील दुसऱ्या कोणी चिरली तर ते सर्वांत बरे.

काहीच न लावण्याचा सल्ला देणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगेन की घट्टा पडतो तो विश्रांतीत, वाजवताना नाही. सलग एक तास बसण्याऐवजी दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे बसावे. सकाळी उठल्यावर बोट तळहातावर दाबून पाहावे. हुळहूळ शिल्लक असेल तर त्या दिवशी मींड नको, केवळ मोकळ्या तारेवर दा, रा, दिर या उजव्या हाताच्या बोलांचा रियाज करावा आणि अलंकार तोंडाने म्हणावेत. ज्यांचा उजवा हात पक्का झाला अशा माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना तो याच सक्तीच्या सुट्टीने दिला आहे.

तारेवर हात ठेवण्याच्या पद्धतीकडेही पाहावे. पडद्याच्या अगदी लगत, किंचित मागे दाबले तर थोड्या जोरात स्वर स्वच्छ येतो. दोन पडद्यांच्या मध्यभागी दाबले तर दुप्पट जोर लावूनही तार झणझणते. नवशिकी माणसे अंगठ्याने दांडी आवळून धरतात आणि तो सगळा जोर बोटाच्या टोकावर येतो. मींड ओढताना जोर मनगटातून आणि कोपरापासून यावा, अंगठा दांडीमागे नुसता टेकलेला राहावा. तीन महिन्यांनंतरही बोटे इतकी दुखत असतील तर मला वाद्याचीही शंका येते. तार पडद्यांपासून अधिक उंच असली, पडद्यांना खाचा पडल्या असल्या किंवा तारेवर गंज चढला असला, तर कितीही तूप लावले तरी उपयोग होत नाही. आपण सांगलीत आहात, मिरज हाकेच्या अंतरावर आहे. ज्या गावाच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावातील सतारमेकरांच्या गल्लीत सतार घेऊन जावे आणि तारेची उंची, जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा घासलेला पृष्ठभाग) आणि पडदे तपासून घ्यावेत. कारागीर तार नुसती दाबून पाहतो आणि दोष कोठे आहे ते सांगतो.

सतारवादकांच्या शेजारी तेलात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याची एक लहान डबी असते. ती पाहून आपण गोंधळून जाल, म्हणून तिचाही खुलासा करते. ते तेल बोटाला मऊ करण्यासाठी नसते, तर तारेवरून बोट सरकावे म्हणून असते. बोळ्याला टोक नुसते टेकवायचे आणि जास्तीचे तेल दुसऱ्या हाताच्या पाठीला पुसायचे. आपल्याकडे बहुधा खोबरेल असते, उत्तरेत अनेकजण मोहरीचे तेल वापरतात. रियाजाच्या आधी बोटाला लागायचे ते तेल एवढेच.

प्रश्न : आमच्या गावी दर वर्षी श्रावणात अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही असा नेम आहे आणि माझ्याकडे रात्रीचा दोन तासांचा पहारा असतो. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी उजव्या तर्जनीला फोड आला, चौथ्या दिवशी तो फुटला. एका ज्येष्ठांनी त्यावर बुक्का दाबला. नंतर बोट सुजून पंधरा दिवस ठणकत होते. यंदा काय खबरदारी घ्यावी?

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण वीणेकऱ्याच्या बोटाची विचारपूस सहसा कोणी करत नाही. सतारीच्या उजव्या तर्जनीला तारेची नखी असते, तंबोऱ्यावरच्या हाताला मधूनमधून विसावा मिळतो. पहाऱ्यावरचे बोट मात्र दोन तास उघड्या कातडीने एकाच तालात तारेवर फिरत असते.

फोड येतो तो तार टोकाने ओढल्यामुळे. तार ओढू नये, बोटाच्या पेराची मांसल बाजू तिच्यावरून सरकवावी, जणू धूळ झटकावी इतक्या हलक्या हाताने. तर्जनी आणि मधले बोट आलटून-पालटून वापरायची सवय सप्ताहाच्या आधी पंधरा दिवस, रोज दहा-दहा मिनिटे वाजवून करून घ्यावी. तंबोऱ्यावर गाणाऱ्यांनाही मी हेच सांगते. एकदम सातव्या दिवसाइतका भार पहिल्या दिवशी कोऱ्या त्वचेवर टाकला तर फोड येणारच. पहाऱ्याला उभे राहण्यापूर्वी हात पूर्ण कोरडे असावेत. श्रावणातील दमट हवेत बोट घामेजत असेल तर दोन दिवस आधीपर्यंत तुरटी लावणे येथे खरोखर उपयोगी पडते.

फोड आलाच तर तो फोडू नये. त्यावरची कातडी ही त्या जखमेची सर्वांत चांगली पट्टी असते. स्वच्छ सुती कापडाची सैल पट्टी बांधून दुसऱ्या बोटाने वीणा चालू ठेवावी. फोड आपणहून फुटला तर कातडी ओढून काढू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि निर्जंतुक गॉज बांधावा. बुक्का कपाळी लावण्याचा आहे, उघड्या जखमेत जाण्याचा नाही. राख, माती, अंगारा, चुना यांतील काहीही त्यात भरू नये, कारण अशा भुकटीबरोबर धनुर्वाताचे जंतू जखमेत शिरू शकतात. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील तर सप्ताहापूर्वीच ते घेऊन ठेवावे, आणि तार गंजलेली असेल तर ती बदलण्याचे वीणेच्या व्यवस्थेतील मंडळींना सांगावे. पहारा बदलताना आपण एकमेकांच्या पाया पडता, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. त्याच वेळी उजव्या हाताने कोरडे फडके तारेवरून एकदा फिरवले तर घाम पुसला जाईल, गंज थांबेल आणि एकाच्या बोटाची जखम दुसऱ्याच्या बोटापर्यंत पोचणार नाही. त्यासाठी वीणा खाली ठेवावी लागत नाही.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी गिटार शिकते. आम्ही ठाण्यात राहतो. बोटे दुखतात म्हणून ती रडते. लवंगेचे तेल लावल्यास बधिरता येते असे ऐकले आहे. ते लावावे का?

उत्तर : लावू नये. लवंगेचे तेल वेदना दाबते, इजा थांबवत नाही. दुखते आहे हे बोटाने सांगितले नाही तर मूल कातडी फुटेपर्यंत वाजवत राहील, आणि तो हात डोळ्याला लागला तर वेगळाच त्रास होईल. लहान मुलांची बोटे नकळत तोंडात जातात, म्हणून त्यांच्यासाठी माठाचे पाणी आणि रात्री खोबरेल तेल, एवढेच दोन उपचार पुरेत.

खरा उपाय वाद्यात आहे. गिटारला पोलादी तारा असतील तर नायलॉनच्या तारांसाठी बनवलेली, मुलांच्या मापाची गिटार घ्यावी. पोलादी तारांच्या गिटारवर नायलॉनच्या तारा बसवणे हा उपाय नव्हे, कारण ती रचनाच वेगळी असते. बाराव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांतील अंतर पाहावे. पोलादी तारांच्या गिटारमध्ये ते तीन मिलिमीटरहून जास्त असेल तर दुकानातून ते कमी करून घ्यावे. डाव्या हाताची नखे दर रविवारी कापावीत, कारण नखे वाढलेली असली की बोट तिरके पडते आणि कोवळ्या भागावर दाब येतो. दहा मिनिटे वाजवून उठण्याची तिला पूर्ण मुभा द्यावी.

प्रश्न : मी पंचवीस वर्षे सतार वाजवतो. नागपूरच्या हिवाळ्यात दर वर्षी तर्जनीच्या घट्ट्याला मधोमध भेग पडते आणि आतून रक्त येते. काही वादक झटपट चिकटणारा गोंद भेगेत भरतात. मीही एकदा भरला, तात्पुरते बरे वाटले, पण नंतर घट्ट्याचा तुकडाच निघून आला. पुढील महिन्यात कार्यक्रम आहे.

उत्तर : तुम्ही सांगितलेला परिणाम अपेक्षितच आहे. तो गोंद सुकला की काचेसारखा कडक होतो, घट्टा मात्र लवचीक असतो. मींड ओढली की दोहोंच्या सीमेवर ताण येतो आणि त्वचा मुळापासून उचलली जाते. शिवाय असा गोंद कापसाला लागला तर तो झपाट्याने तापतो आणि चटका बसतो, हे तेलाच्या बोळ्याशेजारी बसणाऱ्या प्रत्येक वादकाने लक्षात ठेवावे. शस्त्रक्रियेत त्वचा जोडण्यासाठी वापरतात तो गोंद निराळा असतो आणि तो डॉक्टरांनीच लावायचा असतो.

पंचवीस वर्षांचा घट्टा हे तुमचे धन आहे, पण तो आवश्यकतेपेक्षा जाड झाला आहे असे मला वाटते. जाड आणि कोरडा घट्टा वाकत नाही, तडकतो. उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच या भेगा असतात. रात्री कोमट पाण्यात बोट पाच मिनिटे भिजवावे, टिपून घ्यावे आणि नखे घासायच्या बारीक कानशीने भेगेच्या दोन्ही काठांचा वर आलेला भाग हलकेच घासावा. ब्लेडने किंवा नेलकटरने घट्टा कधीही कापू नये. तारेच्या चराची खोली राहू द्यावी, फक्त काठ गुळगुळीत करावेत. बोटाने चाचपून पाहिले असता काठ कापडाला अडकत नाही इतपत झाले की थांबावे.

त्यानंतर कोकमाचे तेल. कोकणात आणि गोव्यात पायांच्या भेगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरतात. गोव्याकडे याला भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बियांपासून काढलेले हे तेल नावालाच तेल असते, प्रत्यक्षात ते मेणासारखा पिवळट-पांढरा गोळा असतो आणि जवळजवळ शरीराच्या तापमानाला आल्यावरच वितळते. त्याचा गुण नेमका येथेच आहे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या वर पातळ होऊन पांघरुणाला पुसले जाते. कोकमाचे तेल मात्र भेगेत भरून बसते आणि रात्रभर तेथेच राहते. चमच्यात थोडेसे तेल दिव्यावर धरून वितळवावे, गार होऊन साय धरू लागली की काडीने भेगेत भरावे आणि वरून जुन्या धोतराच्या मऊ कापडाचे टोपण घालून झोपावे. गरम तेल थेट जखमेत घालू नये. भेगेतून रक्त येत असेल त्या रात्री आधी नुसती स्वच्छता करून पट्टी बांधावी आणि तेल दुसऱ्या रात्रीपासून सुरू करावे. असे केल्यास पाच-सहा दिवसांत भेग मिटलेली मी अनेकदा पाहिली आहे. मात्र त्या दिवसांत मींड पूर्ण बंद हवी, नाहीतर रात्री भरलेले सकाळी उघडते.

कार्यक्रमाला महिना आहे ही चांगली गोष्ट आहे. भेग मिटेपर्यंत जोड आणि झाल्याचा, म्हणजे आलापानंतरच्या लयबद्ध आणि जलद भागांचा, मींडीशिवाय रियाज करता येईल. कार्यक्रमाच्या वेळीही बोट कोवळेच असेल, तर सूर काळी एकवरून (हार्मोनियमच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीवरून) पांढरी एकवर उतरवण्याचा विचार जरूर करावा. अर्ध्या स्वराने तारेचा ताण पुष्कळ कमी होतो आणि मींड ओढताना बोटाला ते लगेच कळते. तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या अनुनादाने वाजणाऱ्या तारा, नव्याने मिळवाव्या लागतील आणि खर्जाची तार थोडी सैल वाटेल, त्यामुळे हा बदल आठवडाभर आधी करून वाद्य त्या सुरात बसू द्यावे. चार-पाच स्वरांच्या मींडीवर उभा असलेला राग निवडण्याऐवजी सरळ पडद्यांवर खुलणारा राग घेतला, तर त्यात रसिकांची फसवणूक नाही. बोट जपत वाजवलेला सच्चा स्वर हा रक्ताळलेल्या बोटाच्या बेसूर मींडीपेक्षा केव्हाही चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाता जाता उजव्या हाताविषयी. थंडीत बोट थोडे आकसते म्हणून अनेकजण नखी पकडीने आवळतात आणि नंतर बोटाचे टोक निळसर पडते, मुंग्या येतात. नखी काढल्यावर तिचा वळ पंधरा मिनिटांत गेला नाही तर ती घट्ट आहे असे समजावे.

प्रश्न : वय ६१, निवृत्तीनंतर व्हायोलिन शिकतो आहे. मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडू लागले आहेत आणि अलीकडे तारेचा स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही. हे घट्ट्यामुळेच असावे ना?

उत्तर : असेल, परंतु तसे गृहीत धरू नये. घट्टा असलेल्या जागी स्पर्श थोडा बोथट होतो हे खरे आहे. पण ज्या बोटांना तार लागत नाही त्या अंगठ्याला, उजव्या हाताच्या बोटांना किंवा पायाच्या बोटांनाही बधिरता, मुंग्या किंवा रात्री जळजळ जाणवत असेल, तर तो मधुमेहाचा मज्जातंतूंवरील परिणाम असू शकतो. मनगटापाशी नस दबल्यानेही बोटे बधिर होतात, आणि व्हायोलिन धरताना डावे मनगट आत वळवून ठेवण्याची सवय त्याला खतपाणी घालते. या दोहोंचा निवाडा घरी करता येत नाही. डॉक्टरांना दाखवावे आणि आपण व्हायोलिन वाजवता हे त्यांना आवर्जून सांगावे.

वरच्या पत्रांना सांगितलेले उपचार आपल्यासाठी थोडे कमी करावेत. माठाचे पाणी आणि खोबरेल चालेल. कोमट पाण्यात बोटे बुडवायची असतील तर आधी घरातील दुसऱ्या व्यक्तीला पाण्यात हात घालून पाहायला सांगावे, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही. तुरटी, कानस आणि भेगेत काही भरणे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रियाजानंतर बोटे नुसती चाचपू नका, चांगल्या उजेडात चश्मा लावून पाहा, कारण दुखत नसलेली जखमही वाढू शकते. नखाच्या कडेला सूज, लाली, ठणका किंवा पू दिसला, म्हणजे नखुरडे होऊ घातले आहे असे वाटले, तर घरगुती लेपांत एक दिवसही न घालवता दवाखाना गाठावा.

आणखी एक बाब आपल्या पत्रात नाही, पण ती विचारायला हवी. आपण घरी ग्लुकोमीटरने साखर तपासत असाल, तर सुई कोणत्या बोटाला टोचता? बहुतेकजण सवयीने डाव्या हाताला आणि बोटाच्या टोकाच्या मधोमध टोचतात, म्हणजे नेमके तेथे जेथे आपल्याला तार दाबायची आहे. यापुढे उजव्या हाताची करंगळी किंवा अनामिका घ्यावी आणि पेराच्या कडेला टोचावे. तेथे दुखतेही कमी. तपासणीआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, आणि त्यानंतर पाऊण तास व्हायोलिनला हात लावू नये.